अस्वलाला ऐकू जाईल असं

हिमालय आणि निलगिरी यांच्या मधे जेवढा म्हणून हिंदुस्थान पसरला आहे, त्यात आमच्या गुरुशिखराएवढं उंच दुसरं काही नाही. इथे उभा राहिलेला माणूस अर्ध्या देशाच्या डोक्यावर पाय देऊन उभा असतो.

हे वाक्य मी जन्मभर शिखराच्या पायऱ्यांशी उभा राहून प्रवाशांना ऐकवलं. मग एकदा चिकमगळूरकडच्या एक शिक्षिका आल्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आपल्या गावाजवळच्या एका डोंगराची उंची सांगितली. तो आमच्यापेक्षा उंच निघाला. मी म्हटलं, "असेल बाई, पण तिथे मी नाही ना."  तेव्हापासून मी वाक्यात दुरुस्ती केली: वाळवंटाच्या राज्यात सर्वांत उंच. हे कुणी खोडून काढत नाही. वाळूत उंच ठरायला फारसं काही लागतही नाही.

या उंचीवरून आम्हाला खालची शेतं दिसतात, आबूरोडची आगगाडी दिसते, हवा स्वच्छ असली तर गुजरातही दिसतो म्हणतात. दिसत नाही ते फक्त करवंदाच्या जाळीत बसलेलं अस्वल. ते हातभर अंतरावर असलं तरी दिसत नाही. आणि मी, नोपा गरासिया, आंबाफळीचा, त्या एका प्राण्याला जेवढा भितो तेवढा यमालाही भीत नाही. यम निदान चेहरा जागेवर ठेवून नेतो.

हे मी उगाच म्हणत नाही. आमच्या फळीचा, म्हणजे वस्तीचा, म्होरक्या लुंबाबा. त्याच्या तोंडाची डावी बाजू तरुणपणीच अस्वलाने नेली. तो त्या बाजूवर पंचा टाकून बसतो आणि उरलेल्या अर्ध्या तोंडाने अख्ख्या फळीचा कारभार चालवतो. लहान असताना आम्ही त्याला विचारायचो, "बाबा, त्यानं का मारलं?" तो एकच उत्तर द्यायचा, "मी गप्प होतो. तोंडात गूळ होता."

म्हणून आमच्याकडे एक रीत आहे. शिखराच्या मागच्या अंगाने जी पायवाट जाते, तिच्यावर करवंदं पिकायच्या दिवसांत कुणी गप्प चालत नाही. अस्वल मुळात वाईट नसतं, दचकतं. डोकं जाळीत, लक्ष खाण्यात, आणि नजर म्हणाल तर माझ्यापेक्षा अधू. तेव्हा त्याला आधी कळवायचं. रांगेतला पहिला हाक देतो, "आहेस का?" आणि रांगेतला शेवटचा ओ देतो, "आहे!" मधल्यांनी तोंड बंद ठेवायचं. पुढची हाक आणि मागची ओ ऐकून त्याला समजतं की माणसं इथून तिथपर्यंत आहेत. मग ते बाजूला सरतं. मागून ओ आली नाही, तर त्याला वाटतं पुढे गेला तेवढाच होता, आणि ते उठून वाटेवर येतं. म्हणजे नेमकं मधल्याच्या अंगावर.

त्या दिवशी मधला मी होतो.

झालं होतं असं. माझा चुलतभाऊ थावरा आणि गमनीभाभी यांचा संसार इतका जुना की त्यांच्या दारातला आंबा त्यांनी लावला आणि आता तो म्हातारा होऊन वठायला आला. चार मुलं झाली, तिघांची घरं झाली. लग्न तेवढं राहिलं होतं. आमच्यात त्याचं कुणाला काही वाटत नाही. आधी संसार करायचा, लग्न सवडीने. कुणाची सवड लवकर येते, कुणाची नातवंडं झाल्यावर. पण धाकटी जोमली लग्न करून जायचं म्हणाली आणि व्याही पडले काटेकोर. ज्या आईबापांचे फेरे झालेले नाहीत त्यांचा हात हळदीला लागायचा नाही, आणि आईच्या हाताच्या हळदीशिवाय आम्ही मुलगी नेणार नाही, असं त्यांनी साफ सांगितलं. तोडगा सोपा होता. लेकीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आईबापांचे फेरे उरकायचे. फळी जमली. लुंबाबाने पंचा सावरून विचारलं, "थावरा, तुझं काय म्हणणं?"

थावराने आभाळाकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "विचार करून सांगतो."

आत गमनीभाभी मक्याची भाकर थापत होती. थापण्याचा आवाज थांबला. तिने तवा उतरवला, हात धुतले, गाठोडं बांधलं, आणि माणसांच्या मधून वाट काढत सरळ डोंगरापलीकडे ऊमरफळीला भावाकडे निघून गेली. एकटी. त्या वाटेने. अस्वलाची टाप होती का तिच्या समोर यायची?

तेव्हापासून ती थावराशी बोलली नव्हती. फेऱ्यांचा दिवस उजाडला, मांडव उभा राहिला, ढोलवाले आले, आणि नवरी नाही. जोमली कोपऱ्यात हळदीची वाटी घेऊन बसलेली. तिच्याकडे पाहवत नव्हतं. थावरा माझ्या दारात आला, खांद्यावर कुऱ्हाड.

"चल."

"कुठे?"

"ऊमरफळीला. तिला आणायला."

"मागच्या वाटेनं?"

"नाही, विमान सांगितलंय."

"थावराभाई, गाडीरस्ता आहे की."

"तो खाली तळापर्यंत उतरतो आणि दुसरीकडून वर येतो. जोमलीला मूल होईल तोवर पोचू."

"मग तू एकटा जा ना. नवरा तू आहेस."

"ती माझ्याशी बोलत नाही. मी बोललेलं तिला सांगणारं कुणी पाहिजे. तू जन्मभर बोलण्याचंच काम केलंस."

 गेलो. जाताना भीती कमी वाटली, कारण थावरा पुढे आणि मी मागे. तो "आहेस का?" म्हणायच्या आधीच मी "आहे! आहे!" म्हणत होतो.

ऊमरफळीत भाभी अंगणात बसून मक्याची कणसं सोलत होती. भाऊ सवा दारात उभा. त्याने आम्हाला पाणी दिलं, ताकातली मक्याची राब प्यायला दिली, आणि भाभीकडे पाहून माझ्याच कानात म्हणाला, "न्या बाबा. रोज एकेक कणीस अशी सोलते की मला वाटतं माझीच मान आहे."

"भाभी," मी हात जोडले, "घरी चला. मांडव घातलाय."

"नोपा," ती म्हणाली, आणि थावरा समोर उभा असूनही तिकडे पाहिलंसुद्धा नाही, "त्याला सांग, त्याचा विचार झाला का?"

"झाला म्हणावं," थावरा म्हणाला.

"झाला म्हणतो."

"ऐकलं मी. बहिरी नाही." तिने कणीस टोपलीत टाकलं. "त्याला सांग, आता माझा व्हायचाय. मी येते. जोमलीसाठी येते. फेऱ्यांना उभं राहायचं की नाही, ते वाटेत ठरवीन."

"पण भाभी, फेऱ्यांशिवाय हळद…"

"मला रीत शिकवतोस? म्हणून तर वाटेत ठरवणार. आणि मी मागे चालणार. मन फिरलं तर मलाही मागे फिरता आलं पाहिजे."

सवाने मामेराची, म्हणजे मामाकडच्या आहेराची, नवी ओढणी तिच्या डोक्यावर घातली. तांबडी, काठाला चमचम. वर चुरम्याच्या लाडवांचं गाठोडं दिलं. तूप आणि गूळ यांचा वास अंगणभर पसरला. मला लुंबाबाचं तोंड आठवलं.

"सवाभाई, लाडू राहू दे," मी म्हटलं.

"का रे? लग्नाचं आहे."

"नाही, म्हणजे… भाभीला ओझं."

"मी तुझ्या भावाला इतकी वर्षं वागवला," भाभी म्हणाली, "लाडवांचं काय ओझं?"

निघालो. पुढे कुऱ्हाडवाला थावरा, मधे मी, मागे ती. पहिलं वळण ओलांडलं, घरं दिसेनाशी झाली, आणि दोन्ही बाजूंनी करवंदाच्या जाळ्या सुरू झाल्या. पिकून काळी झालेली करवंदं खाली पडून सडत होती, आंबूस वास येत होता. आमच्या पायांखाली ती फुटत होती. एरवी मी मूठभर तोडून खाल्ली असती. त्या दिवशी प्रत्येक काळं करवंद मला डोळ्यासारखं दिसत होतं.

थावराने हाक दिली, "आहेस का?"

मागून काही नाही. भाभीच्या पायातली कडी मात्र वाजत होती, छुम, छुम.

"आहेस का?"

छुम, छुम.

"नोपा, तिला सांग ओ द्यायला."

"भाभी, ओ द्या."

"कुणाला?"

"थावराभाईला."

"तो कुणाला विचारतोय? नाव घेतलं का त्यानं?"

"नाव घेऊन विचार म्हणते."

"नाव कशाला? मागे दुसरं कोण आहे?"

"म्हणतो, मागे दुसरं कोण आहे?"

"म्हणजे दुसरी कोणी असती तरी चाललं असतं त्याला!"

"अहो, तसं नाही म्हणाला तो…"

"नोपा, तू मधला," थावरा ओरडला, "मधल्याने बोलायचं नाही!"

"मग तुम्ही दोघं बोला की!"

दोघंही बोलली नाहीत. यावर एक उपाय होता आणि तो मला पहिल्या पावलापासून सुचलेला होता. मी पुढे व्हायचं, हाक द्यायची. भाभी माझ्याशी बोलत होती, तिने ओ दिली असती आणि थावरा मधे गप्प चालला असता. रीत पाळली गेली असती. पण पुढे चालणाऱ्याला अस्वल आधी भेटतं. मी तो उपाय मनातच ठेवला.

चढ संपत आला तसा ढग उतरला. आमच्याकडे ज्येष्ठात असा एखादा चुकार ढग येतो, पाऊस देत नाही, नुसता डोळ्यांवर बसतो. शिखरावरचा तारे बघणाऱ्यांचा पांढरा घुमट आधी अर्धा झाला, मग नाहीसा झाला. वर देवळाची घंटा वाजत होती. कुणी प्रवासी हौसेने वाजवत असेल. आयुष्यभर ती घंटा मी उजव्या हाताला ऐकली, त्या वेळी ती डावीकडून आली. मग खालून आली. मग थांबली.

"थावराभाई," मी हळूच म्हटलं, "थांबूया का?"

"थांबलो तर उन्हं जातील. फेरे उन्हं असताना व्हायला पाहिजेत." त्याचा आवाज चिरकत होता. तेव्हा मला कळलं की तोही घाबरला आहे. कुऱ्हाडवाला घाबरलेला पाहून बिनकुऱ्हाडवाल्याचं काय होतं, हे सांगायला शब्द नाहीत. मला नळ उघडल्यासारखा घाम सुटला.

पुढे वाटेकडेला वारूळ होतं. सकाळी येताना ते माझ्या कमरेएवढं उभं होतं. आता ते फोडलेलं होतं, आतली माती ओली, आणि मुंग्या अजून गोंधळून धावत होत्या. त्यांना बातमी ताजी होती. दोन पावलांवर शेणासारखा ढीग पडला होता, त्यात करवंदाच्या बिया. त्यातून वाफ निघत होती.

थावराने तो पाहिला, मी तो पाहिला. आम्ही एकमेकांना दाखवला नाही.

"आहेस का?" थावरा म्हणाला. ती हाक नव्हती, कुजबुज होती. अशी हाक अस्वलाला काय, मलाही नीट ऐकू आली नाही.

मागून काही नाही. आणि मग माझ्या लक्षात आलं की कडीही वाजत नाहीत.

मी वळून पाहिलं. ढग होता. ढगात करवंदाची एक फांदी होती. भाभी नव्हती.

"थाव…" मी सुरुवात केली आणि तेवढ्यात तो आवाज आला. हुक्का ओढल्यासारखा, गुडगुड आणि मग फुर्रर्र. वाटेच्या डाव्या अंगाने जाळी हलली आणि एक काळी गोधडी चालत वाटेवर आली. माझ्या मागे, आणि भाभी जिथे कुठे होती तिच्या पुढे. म्हणजे नेमकी आमच्या मधे.

ते उभं राहिलं. छातीवर पांढरा पट्टा, नाक लांब, ओठ पुढे काढलेले आणि त्यांवर माती. नखं माझ्या बोटांएवढी. ती मी फार नीट पाहिली. अजूनही स्वप्नात ती नखंच दिसतात, बाकीचं अस्वल दिसत नाही.

पळायचं नसतं, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही माहीत असतं. मला पळायचं होतं, पण पायांचा विचार वेगळा होता. ओरडायचं असतं, हेही माहीत होतं. तोंड उघडलं. पण काय ओरडायचं? जन्मभर एकच गोष्ट ओरडलो होतो, तीच बाहेर आली.

"हिमालय आणि निलगिरी यांच्या मधे," मी ओरडलो, "जेवढा म्हणून हिंदुस्थान पसरला आहे! त्यात आमच्या गुरुशिखराएवढं! उंच! दुसरं! काही नाही!"

अस्वलाने ऐकून घेतलं. प्रवासी ऐकतात तसंच, म्हणजे लक्ष न देता. त्याने नाक वर करून वास घेतला आणि मान मागे फिरवली. मागे गूळ होता. भाभीच्या गाठोड्यात.

तेवढ्यात मला कुणीतरी जाळीत ढकललं. थावरा होता. तो परत धावत आला होता आणि मला ओलांडून पुढे झाला होता. कुऱ्हाड त्याच्या हातात नव्हती. ती कुठे टाकली हे त्याला पुढेही कधी आठवलं नाही.

"आहेस का?" तो ओरडला. आता मात्र हाक होती. डोंगराने ती परत दिली.

ढगातून काही आलं नाही. अस्वल गुरगुरलं.

"ए, आहेस का?"

काही नाही. अस्वलाने पाऊल उचललं, त्याच बाजूला. मी डोळे मिटले.

"गमनी!" थावरा ओरडला. "गमनी, आहेस का?"

मी डोळे उघडले. इतक्या वर्षांत थावराने तिला नावाने हाक मारलेली मी ऐकली नव्हती. ए, अगं, जोमलीची आई, कुठे मेलीस, असं सगळं ऐकलं होतं. नाव नाही. अस्वलही थांबलं.

ढगातून, फार लांबून नाही, भाभीचा आवाज आला. शांत.

"विचार करून सांगते."

"गमनी!" थावराला रडू फुटलं. अस्वलाच्या पलीकडे बघत, दोन्ही हात वर करून, म्हातारा ओरडत होता. "अगं, माझ्या बापानं असंच म्हातारपणी लग्न केलं! तुला आठवतं ना? वैशाखात फेरे झाले आणि आषाढ पाहिला नाही त्यानं! सगळी कामं उरकली की माणसाला बोलावणं येतं. मला वाटलं, हे एक काम बाकी ठेवलं तर मी… तर आपण… मला भीती वाटली गं! लग्नाची नाही! नंतरची!"

ढग गप्प होता. अस्वल गप्प होतं. नियम तेवढा त्याने पाळला, मधला होता ना.

"तेव्हाच का नाही बोललास हे?" ढग म्हणाला.

"सगळी फळी बसली होती!"

"आणि आता कोण बसलंय?"

"नोपा आहे फक्त! आणि हा!"

"आणि माझं काय रे?" आता तिचाही आवाज चढला. "माझं काम बाकी नाही? मी जोमलीला हळद न लावता जाऊ? तू घाबरून काम बाकी ठेवायचं आणि मी बाकी घेऊन मरायचं?"

"नाही! नाही म्हणतोय मी! गमनी, आहेस का?"

  एक करवंद गळून पानावर पडलं, त्याचाही आवाज झाला. अस्वलाच्या श्वासाला आंबलेल्या करवंदांचा वास होता, म्हणजे ते माझ्या किती जवळ होतं याचा हिशोब तुम्हीच करा.

मग आवाज आला. असा की खाली आबूरोडला स्टेशनमास्तरने बाहेर येऊन पाहिलं असेल.

"आहे!"

अस्वलाने या बाजूला पाहिलं, माणूस. त्या बाजूला पाहिलं, माणूस. आपण कुणाच्या घरच्या भांडणात सापडलो आहोत हे समजल्यावर कुठलाही समजदार प्राणी जे करतो तेच त्याने केलं. मान खाली घातली आणि उताराच्या जाळीत घुसून, फांद्या मोडत, दगड गडगडवत, जमेल तेवढ्या घाईने निघून गेलं. बराच वेळ आवाज येत होता. नंतर तोही आला नाही, आणि मी खाली बसलो.

ढगातून तांबडी ओढणी आली. भाभीच्या हातात गाठोडं शाबूत होतं. कडी तिने हातात धरली होती.

"काढली कशाला?" मी विचारलं.

"मन फिरत होतं," ती म्हणाली. "फिरणाऱ्याने वाजत कशाला जायचं?"

म्हणजे ती खरंच मागे फिरली होती. 

उरलेली वाट आम्ही त्याच रांगेत उतरलो. थावरा दर दहा पावलांनी हाक देत होता, आता नाव घेऊन. मागून दर वेळी ओ येत होती, त्याच्याहून मोठी. मी मधे, कान बधिर झालेला. पण एवढं मोठ्याने बोलूनही आपापसात दोघं एक शब्द बोलत नव्हती. हाक, ओ, हाक, ओ. बाकी सगळं माझ्यामार्फतच.

"नोपा, त्याला सांग, पाय बघून टाक."

"नोपा, तिला सांग, गाठोडं मी घेतो."

"नोपा, त्याला सांग, वाटेत खाल्लेस तर बघ."

फळीची छपरं दिसायला लागली तेव्हा मी मागे वळलो. "भाभी, मग ठरलं ना? फेऱ्यांना उभ्या राहणार ना?"

"वाटेत ठरवीन म्हटलं होतं. वाट संपली का?"

"पण तुम्ही ओ दिलीत!"

"ओ अस्वलासाठी होती," ती म्हणाली आणि पुढे बघायला लागली.

मांडवात पोचलो तेव्हा उन्हं पिवळी झाली होती. ढोलवाले आम्हाला पाहून ढोल बडवायला लागले आणि आमचे चेहरे पाहून थांबले. जोमली उठून उभी राहिली, हातात हळदीची वाटी. ती इतकी घट्ट धरली होती की बोटं पिवळी झाली होती. व्याही हाताची घडी घालून बसले होते. थावरा आणि भाभीला शेजारी शेजारी बसवलं. तिच्या ओढणीचं टोक आणि त्याच्या पंच्याचं टोक यांची गाठ मारायला एक म्हातारी वाकली. लुंबाबाने हात वर करून तिला थांबवलं. आधी विचारायचं असतं.

"थावरा, तुझं काय म्हण…"

"हो!" थावरा ओरडला. त्याला अजून वाटेवरच असल्यासारखं वाटत होतं. मांडवाबाहेर शेळ्या उधळल्या. व्याह्यांनी कानावर हात ठेवले.

लुंबाबाने पंचा सावरला. अर्ध्या तोंडाने तो थोडा हसला असावा. मग तो वळला.

"गमनी, तुझं काय म्हणणं?"

भाभी काही बोलली नाही.

लोक म्हणतात मी अस्वलाला भितो. खरं आहे. पण त्या शिखरावर, त्या नखांसमोर, मला जी भीती वाटली ती त्या मांडवात वाटलेल्या भीतीपुढे काहीच नव्हती. तिथे निदान ढग होता. इथे सगळं स्वच्छ दिसत होतं.  जोमलीच्या वाटीतली हळद हिंदकळत होती. व्याह्यांपैकी एकाने पागोटं नीट केलं, जायच्या आधी करतात तसं.

"गमनी?" लुंबाबाने पुन्हा विचारलं.

भाभीने गुडघ्यांवर हात ठेवले आणि उठायला गेली. अर्धी उठली, पुन्हा खाली बसली.  ती पुन्हा उठायला गेली, पुन्हा बसली. चालली, मी मनात म्हटलं. फिरली. कडी काढायची तेवढी राहिली. गाठ मारणारी म्हातारी हळूच मागे सरकली. थावरा समोर बघत होता, ढगात बघावं तसा, आणि त्याचे ओठ हलत होते. हाक द्यायचा धीर त्याला होत नव्हता.

भाभीने मान वळवली. थावराकडे नाही. माझ्याकडे. तिने बोटाने मला जवळ बोलावलं. मी गेलो, कान पुढे केला. मांडवातला प्रत्येक माणूस माझ्याबरोबर पुढे झुकला.

"नोपा," ती म्हणाली, "त्याला सांग, ओढणीवरचा पाय काढ. मला फेऱ्यांना उठता येत नाहीये."